घरामागं एक फुंक

"मग माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा!"

जोतीरामनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आधी दोनदा दस्तगीरबाबांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं होतं.

याही वेळी ते मशकीच्या कातड्याला तेल चोळत राहिले. करडईचं तेल आणि गुळाचं पाणी. कातडं मऊ राहायचं तर दर आठवड्याला हे करावंच लागतं, आणि हे काम बाबा कुणाला देत नसत.

"बाबा..."

"कमी न्हाई काय."

"मग उद्या जत्रेत मशक मीच वाजवणार ना?"

बाबांनी कातड्याची शिवण उजेडाकडं धरून नीट पाहिली. मग पुन्हा चोळायला लागले.

"बघू की."

दोन वर्षांत जोतीरामला बाबांकडून विद्याही मिळाली होती आणि 'बघू की'ही. त्यात 'बघू की' जरा जास्तच मिळालं होतं.

मशक म्हणजे अख्ख्या बकऱ्याच्या कातड्याची पिशवी. पुढच्या एका पायाच्या जागी फुंकणी, तिच्यातून हवा भरायची; आत झडप, म्हणून ती परत बाहेर येत नाही. दुसऱ्या पायाच्या जागी लांब नळी, ती एकच सूर धरून बसते. मानेच्या जागी भोकांची नळी, तिच्यावर बोटं चालतात. पिशवी काखेत धरायची, तोंडानं भरायची आणि कोपरानं दाबायची. वाजवणारा श्वास घ्यायला थांबला तरी कोपर थांबत नाही, त्यामुळं सूर चालूच राहतो.

बाबांचे पूर्वज भिस्ती होते. उंबरपठारावर पाणी नव्हतं, तेव्हा घळीतल्या झऱ्याचं पाणी ते मशकीतून वर आणायचे. पुढं पठारावर विहीर झाली आणि पाण्याची मशक खुंटीला लागली. तेव्हा त्यांच्यातल्या कुणा एकानं तिला बांबूच्या नळ्या बसवल्या. पाण्याची मशक वाऱ्याची झाली, असं पठारावर सांगतात.

तेव्हापासून पठाराला दुसरा सूर ठाऊक नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी उचलते ती या सुरावर. धनगर बासरीला भोक पाडतो तेही याच सुराला जुळवून. बारसं असो, लग्न असो, खळ्यावरची पहिली रास असो, मशक वाजल्याशिवाय काही झालं असं कुणी मानत नाही.

आणि चैत्रातली जत्रा तर मशकीचीच. भैरोबाची पालखी देवळातून निघते, घळीतल्या झऱ्यावर उतरते, देवाला अंघोळ घालून परत वर येते. देवळाची पायरी सुटल्यापासून परत पायरीला लागेपर्यंत सूर तुटायचा नाही. तुटला, तर पालखी तिथंच खाली ठेवायची आणि त्या वर्षी देवानं बिनअंघोळीचं राहायचं. आजवर तसं कधी झालं नव्हतं. चाळीस वर्षं तर एकट्या दस्तगीरबाबांनीच तो सूर सांभाळला होता.

पण गेल्या पावसाळ्यापासून बाबांच्या छातीचा भाता बसला होता. चार पावलं चालले की ते टेकायला जागा शोधत. गावाला त्यांनी सांगून टाकलं होतं, "औंदा कुणी मिळाला तर मिळाला. न्हाईतर मशक दर्ग्यात टांगा. म्या काय आता फुंकत न्हाई."

हे सगळं जोतीरामला ठाऊक होतं. म्हणूनच तो तीन-तीनदा विचारत होता.

तसा तो काही ऐरागैरा नव्हता. तालुक्याच्या देवळातल्या नगारखान्यात त्याच्या घराची सनई चार पिढ्यांपासून वाजत होती. स्वतः तो रेडिओवर वाजवून आलेला. नाकानं श्वास घेत घेत तोंडानं सूर धरून ठेवायचा, तर त्याचा मामा शेजारी बसून अख्खी विडी ओढून संपवायचा आणि हा अजून त्याच सुरावर. दमसासात आपल्याला तालुक्यात जोड नाही, हे तो स्वतः कधी बोलत नसे. दुसरं कुणी बोललं तर मात्र मध्येच अडवतही नसे.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात वाजवायला तो पठारावर आला आणि जत्रेचा दिवस म्हणून मुक्कामाला राहिला. तेव्हा त्यानं मशक ऐकली. तो एकच सूर, डोंगराच्या अंगातूनच निघाल्यासारखा. त्या दिवशी त्यानं सनई पिशवीतून बाहेर काढलीच नाही. त्याला तिची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो बाबांच्या दारात येऊन बसला, तो बसलाच. मशक त्याला हवी होती. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

"बाबा, काही चुकत असेल तर शिकवा. उद्याचा दिवस हातचा जाऊ देऊ नका."

बाबांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"जोत्या, उद्या सकाळी लवकर ये. घरफुंक तू धर."

जोतीरामच्या पोटात आनंद मावेना.

घरफुंक म्हणजे पठारावरची जुनी रीत. जत्रेच्या सकाळी मशकीत पहिला श्वास वाजवणारा भरत नाही. गावात एकसष्ट उंबरे. प्रत्येक उंबऱ्यातलं एक माणूस देवळाच्या पायरीवर येतं, फुंकणीला तोंड लावतं आणि एकदा फुंकतं. घरामागं एक फुंक. पहिल्या फुंकेला सूर लागतो, आणि मग तो एकाकडून दुसऱ्याकडं जात शेवटच्या माणसापर्यंत येतो. शेवटच्याची हवा पिशवीत असतानाच वाजवणाऱ्यानं फुंकणी आपल्या तोंडात घ्यायची आणि निघायचं.

सकाळी पायरीवर गर्दी जमली. जोतीराम धुतलेलं पांढरं उपरणं घेऊन आला होता. बाबांनी मशक त्याच्या काखेत दिली, लांब नळी त्याच्या खांद्यावर नीट टेकवली आणि स्वतः खांबाला टेकून बसले.

पहिला कुंभार आला. मग पाटलांची सून, मग धनगराचा म्हातारा. कुणी जोरात फुंकायचं, कुणाची फुंक अर्धी बाहेरच जायची. नव्यानं आलेली एक नवरी लाजून हसली आणि तिचं हसूच आत गेलं. सूर चढायला लागला की जोतीराम कोपर सैल सोडायचा, उतरायला लागला की दाबायचा. एवढ्या वेड्यावाकड्या फुंकांचा सूर त्यानं सरळ धरून ठेवला होता. सोपं नव्हतं ते. बघणारी मान डोलवत होती.

त्याचं मन मात्र पुढं पळत होतं. हे एकदाचं संपू दे... मग मी फुंकतो, मग ऐका म्हणावं.

सगळ्यांत शेवटी हौसाआत्ती आली. तिचं घर गावाच्या टोकाला, म्हणून तिचा नंबरही नेहमी शेवटचा. ऐंशीच्या घरातली बाई, तोंडात मिश्री, दात मोजायला गेलं तर दोन. तिनं फुंकणीला तोंड लावलं आणि जीव एकवटून फुंकलं. फुंक इवलीशी होती. फुंकणी मात्र मिश्रीनं काळी, ओली होऊन गेली.

"घे रं लेकरा," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

जोतीरामनं फुंकणी धरली. दुसऱ्या हातानं उपरण्याचं टोक उचललं आणि ती झटकन पुसली.

पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ गेला. सूर तुटला नाही, हललाही नाही. मग त्यानं फुंकणी तोंडात घेतली, छाती भरली आणि बोटं नळीवर सोडली.

तो काय वाजवायला लागला म्हणता! पालखीचा पुढचा भोई तातोबा, ज्याला कधी कुणाचं कौतुक नसायचं, तोही "आयला" म्हणाला. पालखी उचलली गेली. भंडारा उधळला.

आणि जोतीरामला दिसलं, की दस्तगीरबाबा खांबाला धरून उठताहेत.

ते त्याच्याजवळ आले. मशकीवर त्यांनी तळवा ठेवला.

"दे."

जोतीरामनं मशक आणखी घट्ट धरली.

"दे म्हंतो न्हवं."

सूर चालू होता, त्यामुळं वाद घालायला सवड नव्हती. बाबांनी मशक त्याच्या काखेतून अलगद काढून आपल्या काखेत घेतली. एवढी अलगद की सुराला पत्ता लागला नाही. जोतीराम मोकळ्या हातांनी उभा राहिला.

"बाबा, चुकलं काय?"

बाबांनी एकदा त्याच्या उपरण्याकडं पाहिलं. पांढऱ्या टोकावर मिश्रीचा काळा डाग पडला होता.

जोतीरामनं मान वळवली. हौसाआत्ती दोन पावलांवर उभी होती. तिनं पदर तोंडावर धरला होता, आणि ती तोंड पुसत नव्हती. झाकत होती.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा चालायला लागले. त्यांची बोटं नळीवर फिरू लागली, तीच जुनी चाल, सगळ्या गावाच्या ओळखीची. पण पिशवी खाली बसत चालली होती. बाबांनी फुंकणी तोंडात धरली, फुंकायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी आलं. हवा आत गेलीच नाही.

तातोबानं मागं पाहिलं. त्याचा खांदा जरासा खाली झुकला.

"थांब रं तातोबा! येवढी घाई कशापायी?"

हौसाआत्ती होती ती. पदर खोचून ती गर्दीतून पुढं आली, बाबांच्या अंगाला अंग लावून उभी राहिली आणि फुंकणी आपल्या तोंडात धरली.

"मी हाय, दस्तगीरा. तू बोटं चालीव."

आणि तिनं फुंकलं. मघासारखीच इवलीशी फुंक. पिशवी जराशी उठली. सूर सावरला.

तिचा दम सरला तेवढ्यात कुंभार आला. त्याच्या मागून मास्तरीणबाई आल्या, मग तातोबाची थोरली मुलगी. कुणी कुणाला बोलावत नव्हतं. जो तो येई, बाबांच्या शेजारी तिरकं तिरकं चालत एक फुंक भरी आणि मागं सरके. कुणाची टोपी पडली, कुणाचा पाय दगडाला लागला. दस्तगीरबाबा डोळे मिटून वाजवत होते. छातीत श्वास नसलेला माणूस वाजवत होता, आणि पालखी पुढं निघाली होती.

असं पठारावर कधी कुणी पाहिलं नव्हतं. रीत होती ती फक्त पायरीपुरती. तिथून पुढं वाजवणाऱ्यानंच ओढायचं, हेच सगळ्यांना ठाऊक.

जोतीराम मागून चालला होता. लाजेनं मान खाली घालून. आणि मग त्याला सूर ऐकू आला.

दोन वर्षं तो हा सूर रोज ऐकत होता. आज जणू पहिल्यांदा ऐकला. धनगराच्या म्हाताऱ्याची फुंक कुठं संपली आणि मास्तरीणबाईंची कुठं लागली, हे त्याच्या तयार कानाला सांगता येईना. तो कान देऊन ऐकत होता, सुरातली शिवण शोधत होता. सापडत नव्हती. एकसष्ट घरं आत गेली होती आणि एकच सूर बाहेर येत होता. डोंगर तो सूर परत पाठवत होता. गुरं चरायची थांबून बघत होती.

त्याला हात जोडावेत असं वाटलं, पण कुणाला जोडावेत ते कळेना, म्हणून तो नुसताच चालत राहिला.

पुढं घळीची वाट लागली. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी जागा. पालखी पुढं निघून गेली. तिच्यामागं बाबा, बाबांच्या मागं जोतीराम. बाकीचं गाव त्याच्याही मागं अडकलं.

कुणालाच पुढं येता येईना.

पिशवी खाली बसायला लागली. बाबांनी मागं वळून पाहिलं नाही. हाक मारली नाही. बोटं चालूच होती.

जोतीराम दोन ढांगांत त्यांच्या बरोबरीला गेला. काटे दंडात रुतले. फुंकणी समोर होती... ओली, काळी, कोमट. साऱ्या गावाची तोंडं तिला लागली होती. उपरणं खांद्यावरच होतं.

त्यानं फुंकणी तशीच तोंडात घेतली.

मिश्री, कांदा, विडी आणि कुणाच्या तरी सकाळच्या चहाची गोडी, सगळं जिभेला लागलं. त्यानं छातीत होता नव्हता तेवढा दम आत सोडला.

सूर टुणकन वर उडाला. बाबांनी कोपर झटकन सैल केलं.

"हळू की मर्दा! काय फाडतोस का तिला?"

जोतीराम ओशाळला. पुढची फुंक त्यानं लहान केली. त्याहून पुढची आणखी लहान, हौसाआत्तीची असावी एवढी. सूर बसला. त्यात आपला दम कोणता हे त्यानं ऐकून पाहिलं, आणि त्यालाही तो ओळखता आला नाही.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तोंडात फुंकणी असल्यामुळं पुसताही येईना. घळ संपेपर्यंत तो तसाच फुंकत गेला.

झऱ्यावर पोचल्यावर गाव भोवती पांगलं. पालखी भोयांच्या खांद्यावरच होती, ती टेकवायची नसते. पुजाऱ्यानं झऱ्याचं पाणी देवावर ओतलं. बाया घागरी भरू लागल्या. कुणी ना कुणी येऊन फुंकत होतं, सूर चालू होता. आता तोच सूर घेऊन सगळी चढण परत चढायची होती.

बाबा एका दगडावर बसले आणि त्यांनी मानेनंच जोतीरामला बोलावलं.

तो जाऊन समोर गुडघ्यांवर बसला.

बाबांनी मशक आपल्या काखेतून काढली आणि त्याच्या काखेत सारली. त्याची बोटं एकेक करून नळीच्या भोकांवर बसवली, जणू तो आजच शिकायला आला होता. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. सूर कुठंही अडखळला नाही.

मशक जोतीरामची झाली होती.

तो उठला. तातोबा आणि बाकीचे भोई चढणीला लागले. जोतीरामची बोटं चालू लागली, कोपर चालू लागलं, पिशवी हळूहळू उतरू लागली. त्याची छाती आपोआप भरली. त्यानं फुंकणीकडं तोंड नेलं.

तेवढ्यात दस्तगीरबाबांनी पुढं होऊन फुंकणीच्या तोंडावर तळवा ठेवला.

तो चमकला. आजूबाजूला पाहिलं. बाया घागरींवर वाकलेल्या. पुरुष हातपाय धुताहेत. सगळ्यांचीच त्याच्याकडं पाठ होती.

"बाबा, हवा सरत आली."

बाबांचा तळवा हलला नाही.

"मी भरतो. अगदी थोडी भरतो."

बाबांनी मान हलवली. नाही.

"मग कुणाला हाक मारू?"

त्यालाही नाही.

पिशवी चपटी होत होती. कोपर बरगडीला टेकायला आलं. सूर बारीक झाला, त्याच्या कडा थरथरू लागल्या. वर चढणीवर तातोबा थांबला होता. आणि जोतीरामच्या छातीत, तालुक्यात जोड नसलेला तो सगळा दम कोंडून उभा होता.

"बाबा! जाईल हो सूर!"

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले होते. तळवा फुंकणीवरच होता.

"थांब. तू बोटं चालीव, फुंक गावाची. येतंय कुणीतरी."